दहा हजार गंजींचे खोरे

१८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मोंटाना, वायोमिंग आणि डाकोटा या भागांतील मोकळी कुरणे त्याआधीच जनावरांच्या बेसुमार गर्दीने ओरबाडली गेली होती. त्यावर लवकर सुरू झालेला हिवाळा आला. जानेवारी १८८७ मध्ये मधेच उबदार वारा सुटला, वरचा बर्फ वितळला आणि थंडीची लाट परतताच तोच बर्फ गवतावर काचेच्या जाड कवचासारखा गोठला. घोडा खुराने बर्फ उकरून खालचे गवत खाऊ शकतो. गायीला ते सहसा जमत नाही. वसंतात बर्फ ओसरला तेव्हा नदीकाठच्या ओहोळांतून मृत जनावरांचे ढीग दिसू लागले. एकट्या मोंटानात निम्म्याहून अधिक गुरे दगावल्याचा अंदाज आहे. डाकोटातल्या आपल्या कळपांचे मोठे नुकसान सोसलेल्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्टही होता. चार्ल्स रसेल या तरुण गुराख्याने मालकाला कळपाची खबर कळवताना लांबलचक पत्र लिहिले नाही. बर्फात एकटी उभी असलेली, बरगड्या निघालेली एक गाय जलरंगात रंगवून पाठवली. त्या चित्राने रसेलची चित्रकार म्हणून कीर्ती पसरली.

या आपत्तीआधीच्या पशुपालनाचे गणित अगदी सोपे होते. गवत सरकारी जमिनीवरचे आणि फुकटचे, जनावरे वर्षभर मोकळी, हिवाळ्याची तरतूद शून्य. १८८७ नंतर हे गणित मोडले. जो मालक टिकला त्याला एक गोष्ट उमगली होती : हिवाळा काढायचा तर उन्हाळ्यातले गवत साठवले पाहिजे. मोंटानातील उंच, थंड खोऱ्यात एका गायीला हिवाळाभर सुमारे दोन टन वाळलेले गवत लागते. पाचशे गायींचा कळप असेल तर हजार टन. आणि हे सारे जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांत कापायचे, वाळवायचे, गोळा करायचे आणि उघड्यावर असे रचायचे की पाऊस-बर्फ आत शिरू नये. यांतील शेवटचे काम सर्वांत अवघड होते. यंत्रांच्या इतिहासात त्याच कामाकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे.

कृषियंत्रांचा इतिहास सांगताना नांगर, कापणी यंत्र, मळणी यंत्र आणि ट्रॅक्टर अशी पायरी-पायरीची मांडणी केली जाते. गवत त्यात कुठेतरी तळटीपेत जाते. वस्तुतः घोडा हेच जेव्हा शेताचे, शहराचे आणि सैन्याचे इंधनयंत्र होते, तेव्हा वाळलेले गवत हे त्या युगाचे इंधन होते. इंधनाची साठवण हा कोणत्याही ऊर्जाव्यवस्थेतला कळीचा प्रश्न असतो. गवताच्या बाबतीत तर तो दुहेरी आहे, कारण हे इंधन साठवताना सडते आणि कधी कधी आपोआप पेटतेही.

कापलेले गवत लगेच मरत नाही. पेशींचे श्वसन काही काळ चालूच राहते. त्यात शर्करा जळते आणि उष्णता बाहेर पडते. ताज्या गवतात तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पाणी असते. ते उन्हात सुकवून साधारण वीस टक्क्यांच्या खाली आणावे लागते. त्याआधीच गंज रचली तर ओलाव्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात. त्यांच्या श्वसनाची उष्णता गंजीच्या पोटात अडकून पडते, कारण सुके गवत हा उत्तम उष्णतारोधक आहे. तापमान वाढले की साधे जिवाणू मरतात आणि उष्णताप्रिय जिवाणू त्यांची जागा घेतात. तेही सुमारे सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास थांबतात. पण तोवर पुरेशी उष्णता साठली असेल तर पुढचा टप्पा जिवाणूंचा नसतो, तो शुद्ध रसायनशास्त्राचा असतो. गवतातील पदार्थांचे ऑक्सिडीकरण सुरू होते, त्याने तापमान आणखी चढते, आणि रचल्यापासून काही आठवड्यांनी बाहेरून निर्धोक दिसणारी गंज आतून पेट घेते. जुने शेतकरी गंजीत लोखंडी सळई खुपसून ठेवत आणि थोड्या वेळाने ती उपसून हाताला चटका बसतो का ते पाहत. उष्णतामापकाचे काम ती सळई पिढ्यान्‌पिढ्या करीत आली.

उलट फार वाळवले तर पाने चुरून गळतात आणि हातात नुसत्या काड्या उरतात. लसूणघासासारख्या चाऱ्यात तर बहुतेक प्रथिने पानांतच असतात. म्हणजे योग्य क्षण हा दोन-तीन दिवसांचाच, कधी काही तासांचा. त्या क्षणी जितके हात हाती असतील तितकेच गवत वाचे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळ्या कामांचा वेग सारखाच मंद होता. लांब दांड्याच्या विळ्याने एक माणूस दिवसाला सुमारे एक एकर गवत कापी. तितके गवत वाळवून काट्याने गाडीत भरणे आणि गाडीतून गंजीवर चढवणे त्याच्या कुटुंबाला झेपे. घोड्यांनी ओढायचे कापणी यंत्र आले आणि एक माणूस दिवसाला दहा एकर सहज कापू लागला. मग चाकांचे, बसायला आसन असलेले दाताळे आले. कापलेले गवत त्याने ओळींत गोळा होऊ लागले. साखळीतील एक कडी वेगवान झाली की ताण पुढच्या कडीवर जातो. दहा एकरांचे गवत शेतात वाळून पडलेले आहे, पश्चिमेला ढग दिसत आहेत आणि गंजीवर गवत फेकायला चारच माणसे आहेत, अशी अवस्था हजारो शेतांवर एकाच वेळी निर्माण झाली. गवत रचण्याच्या यंत्रांचा जन्म या कोंडीतून झाला.

पहिली उत्तरे पूर्वेकडच्या दमट प्रदेशांत सापडली. तेथे गवत उघड्यावर ठेवण्यापेक्षा छपराखाली ठेवण्याची रीत होती. प्रश्न असा की गाडीतले गवत उंच कोठाराच्या माळ्यावर, तेही थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत, कसे पोहोचवायचे? १८६० च्या दशकात दोर, कप्पी आणि घोड्याच्या साहाय्याने वर जाणारे मोठे काटे प्रचारात आले. पण काटा सरळ वर जाई आणि गवत एकाच जागी पडे. विल्यम लाउडन या आयोवा राज्यातील फेअरफील्ड गावच्या तरुणाने १८६७ मध्ये यावरच्या आपल्या उपायाचे पेटंट घेतले. लहानपणापासून संधिवाताने पीडित असलेल्या लाउडनला शेतातली अंगमेहनत झेपत नसे, असे त्याच्याविषयी सांगितले जाते.

त्याचा उपाय वरवर क्षुल्लक वाटतो. कोठाराच्या आढ्याखाली एक रूळ टांगायचा आणि त्यावर छोटी चाकाची गाडी बसवायची. खरे चातुर्य त्या गाडीच्या खटक्यात आहे. काटा खाली असताना गाडी रुळावरच्या एका ठोकळ्याला अडकलेली असते, त्यामुळे घोडा दोर ओढू लागला की गाडी जागची हलत नाही, काटा मात्र वर येतो. काट्याची कप्पी गाडीला येऊन भिडली की तिच्या धक्क्याने खटका सुटतो. आता काटा गाडीत अडकतो आणि गाडी ठोकळ्यापासून मोकळी होते. घोडा तसाच पुढे चालत राहतो, दोर तोच राहतो, पण उभ्या गतीचे रूपांतर आडव्या गतीत होते. हव्या त्या जागी पोहोचल्यावर माणूस एक बारीक दोरी ओढतो, काटा उघडतो, गवत पडते. परत येताना गाडी पुन्हा ठोकळ्याला भिडते, खटका उलटतो, काटा खाली उतरतो. घोड्याला यातले काहीच ठाऊक नसते. तो नुसता पुढे जातो आणि मागे येतो. एकाच ओढीतून दोन वेगवेगळ्या कामांचा क्रम केवळ यांत्रिक खटक्यांनी साधणे हे आजच्या स्वयंचलनाच्या भाषेत बोलायचे तर क्रमनियंत्रणच आहे. पुढे लाउडनच्या कंपनीने १९०६ पासून कोठारांचे आराखडे पुरवण्याचा विभागही चालवला आणि टांगत्या रुळाची तीच कल्पना कारखान्यांतील मालवाहतुकीसाठी वापरली. अमेरिकेच्या ग्रामीण भागातील जुन्या कोठारांच्या आढ्याला समोरून चोचीसारखे पुढे आलेले छप्पर दिसते, ते या रुळाच्या बाहेर काढलेल्या टोकासाठी असते. यंत्र इमारतीत बसवण्याऐवजी इमारतच यंत्राभोवती घडली.

मिसिसिपी नदी ओलांडून पश्चिमेकडे गेले की चित्र बदलते. हवा कोरडी, गवत अफाट, आणि हजार टन गवत मावेल असे कोठार बांधण्याची ऐपत कोणाचीच नाही. गंज उघड्यावरच रचायची, तीही शक्य तितकी मोठी. मोठी का, याचे उत्तर भूमितीत आहे. उघड्यावरच्या गंजीचा बाहेरचा थर खराब होणारच. तो एक फूट, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर धरू. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा गंजीच्या चारी बाजू आणि माथा यांचा तेवढा थर वजा केला तर एकूण २७ घनमीटरांपैकी साधारण साडेपंधरा घनमीटर चांगले गवत उरते. म्हणजे जवळजवळ बेचाळीस टक्के वाया. तीच गंज सहा मीटरांची केली तर २१६ पैकी १६६ घनमीटर वाचते आणि नासाडी तेवीस टक्क्यांवर येते. आकारमान घनाच्या प्रमाणात वाढते, पृष्ठभाग वर्गाच्या. शाळेत गुण मिळवण्यापुरता पाठ केलेला हा नियम मोंटानात गायींच्या जगण्या-मरण्याचा नियम होता. पण माणूस काट्याने गवत फार तर तीन-चार मीटर उंच फेकू शकतो. त्यापुढची उंची यंत्रानेच गाठावी लागते.

मैदानी राज्यांत यासाठी जे यंत्र लोकप्रिय झाले त्याला ‘ओव्हरशॉट स्टॅकर’ म्हणत. जमिनीवर लाकडी दातांचा एक मोठा सूप ठेवलेला असे. त्याला दोन लांब बाहू आणि बाहूंची टोके चौकटीला बिजागरीने जोडलेली. घोड्यांनी ढकलत आणलेल्या ‘बक रेक’ नावाच्या रुंद दाताळ्यातून गवत या सुपात रिकामे होई. मग दुसरी घोड्यांची जोडी दोर ओढी, बाहू वर्तुळाकार वर उठत आणि माथ्यावरून पलीकडे झुकताच सारे गवत मागच्या गंजीवर भिरकावले जाई. बाहू आडवे असताना वजनाचे आघूर्ण सर्वाधिक असते, म्हणजे घोड्यांना पहिलाच झटका सर्वांत जड. बाहू जसजसे उभे होत तसतसा भार हलका होई आणि शेवटी घोड्यांचा साठलेला वेगच गवताला पलीकडे उडवी. वेग कमी पडला तर गवत यंत्राच्या पायाशीच कोसळे आणि जास्त झाला तर गंजीवर उभ्या माणसाच्या अंगावर येई. मिसुरीतील जोसेफ डेन याने अशा यंत्रांचा कारखाना उभारला; १९०० मध्ये तो आयोवातील ओटम्वा गावी हलला, पुढे जॉन डिअर कंपनीत विलीन झाला आणि गवताच्या यंत्रांशी त्या गावाचे नाते जुळले. डेनने नंतर त्याच कंपनीसाठी ट्रॅक्टरचा एक आराखडाही तयार केला.

रॉकी पर्वतापलीकडे, यूटा आणि दक्षिण आयडाहोत, वेगळीच आकृती उभी राहिली. तेथील मॉर्मन वसाहतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्यावर लसूणघास पिकवला होता. सरकणाऱ्या, लांब देठांच्या या चाऱ्यासाठी त्यांनी यारीचा मार्ग पत्करला. लाकडी ओंडक्यांच्या जड पायावर डोलकाठीसारखा खांब आणि त्याच्या माथ्याजवळ तिरपा, फिरणारा लांब वासा. वाशाच्या टोकापासून कप्प्यांवरून खाली येणारा तारदोर, आणि दोराला चार वाकड्या दातांचा काटा. हा काटा कॅलिफोर्नियातील बायरन जॅक्सनच्या नावाने ओळखला जाई. हाच जॅक्सन पुढे विहिरींतील पंपांसाठी प्रसिद्ध झाला. गवत भरलेला काटा वर उचलला की वासा गंजीकडे फिरे. काही ठिकाणी खांब मुद्दामच किंचित कलता ठेवत, म्हणजे भार उचलला जाताच वासा गुरुत्वाकर्षणाने आपोआप गंजीवर झुलत जाई आणि माणसाची एक खेप वाचे.

या यारीचा एकच असा जनक नाही. कोणा एका कारखान्याची ती निर्मिती नव्हती. गावच्या सुताराने शेजारच्या गावातली पाहिली, आपल्याकडच्या लाकडाप्रमाणे बदलली आणि उभी केली. १९४० च्या दशकात ऑस्टिन फाइफ या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने या प्रदेशात हिंडून यारींचे नमुने नोंदवले, त्यांची रचनेनुसार वर्गवारी केली. लोकगीते आणि लोककथा गोळा करणाऱ्यांनी यंत्राकडे त्याच नजरेने पाहावे हे मुळीच गैर नव्हते. लोककथेप्रमाणेच या यंत्रालाही पाठभेद होते, आणि एका खोऱ्यातला पाठ पुढच्या खोऱ्यात बदलत होता. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ पेटंटांच्या नोंदवहीतून लिहिला तर असली यंत्रे त्यात कधीच सापडत नाहीत, आणि सर्व कल्पकता कारखानदारांकडेच होती असा खोटा समज मात्र पक्का होतो.

या घराण्यातले सर्वांत देखणे यंत्र मोंटानाच्या नैर्ऋत्येला, बिग होल नदीच्या खोऱ्यात जन्मले. समुद्रसपाटीपासून सुमारे सहा हजार फूट उंचीचे हे सपाट खोरे चोहोबाजूंनी पर्वतांनी वेढलेले आहे. हिवाळा दीर्घ आणि कडक. धान्य पिकवणे जवळजवळ अशक्य. पण बर्फाच्या पाण्यावर गवत भरघोस. डेव्हिड स्टीफन्स आणि हर्बर्ट आर्मिटेज या तेथील दोघा पशुपालकांनी तयार केलेल्या यंत्राला १९१० मध्ये पेटंट मिळाले. बीव्हरहेड या परगण्याच्या नावावरून त्याला ‘बीव्हरहेड काउंटी स्लाइड स्टॅकर’ असे भारदस्त नाव दिले गेले होते. गवत रचायला आलेल्या मजुरांना एवढे लांब नाव उच्चारायला वेळ नव्हता. त्यांनी त्याचे ‘बीव्हरस्लाइड’ केले.

रचना पाहावी तर ती एक प्रचंड लाकडी घसरगुंडी आहे, फक्त तिच्यावरून खाली येण्याऐवजी वर जायचे असते. सुमारे तीस फूट उंचीची तिरपी चौकट, तिच्यावर फळ्यांची उतरण, आणि उतरणीवरून सरकणारी लांब दातांची टोपली. बक रेक गवत आणून टोपलीत ढकलतो. चौकटीच्या माथ्यावरच्या कप्प्यांवरून गेलेला तारदोर घोड्यांची जोडी ओढते, टोपली उतरण चढते आणि माथ्यावर पोहोचताच गवत पलीकडे कोसळते. कडेला लावलेल्या लाकडी जाळ्या गंजीला पावासारखा आकार देतात. सारी चौकट ओंडक्यांच्या घसरपट्ट्यांवर उभी असते, त्यामुळे एक गंज पुरी झाली की घोडे लावून यंत्रच पुढच्या जागी ओढत न्यायचे. लाकूड जवळच्या डोंगरातले लॉजपोल पाइनचे, सरळ आणि हलके. लोखंड फक्त कप्प्या, तारदोर आणि खिळ्यांपुरते. एखादा वासा मोडला तर दुपारच्या आत नवा तोडून बसवता येई. दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असलेल्या प्रदेशात दुरुस्तीची ही सोय कार्यक्षमतेहून मोलाची होती.

उतरणीने नेमके काय साधले, हे थोडा हिशेब मांडला तर स्पष्ट होते. ५०० किलो गवत आठ मीटर उंच चढवायचे तर सुमारे ३९,००० ज्यूल कार्य करावे लागते. सलग राबणाऱ्या माणसाची शक्ती साधारण ७५ वॅट धरली तर एकट्याला पावणेनऊ मिनिटे लागतील, तेही त्याचा काटा तेवढ्या उंचीला पोहोचत असेल तर. एका घोड्याची शक्ती ७४६ वॅट मानतात. घोड्यांची जोडी हेच काम सव्वीस सेकंदांत करील. घर्षणात वाया जाणारी ऊर्जा धरूनही पाऊण मिनिट पुष्कळ झाले. सरळ उचलताना दोरावर ४,९०० न्यूटनचा ताण पडतो. उतरण ४५ अंशांची असेल तर घर्षण वगळता तो सुमारे ३,५०० न्यूटनवर येतो. कार्य तेवढेच राहते, अंतर वाढते, बळ घटते. आर्किमिडीजपूर्व काळापासून माणसाला ठाऊक असलेले हे साधे यंत्र. नावीन्य तत्त्वात नव्हते. ते प्रमाणांत, जोडणीत आणि कामाच्या लयीत होते. ओव्हरशॉटच्या बाहूंत पहिलाच झटका जड होता, तर बीव्हरस्लाइडमध्ये भार तळापासून माथ्यापर्यंत जवळजवळ एकसारखा. घोड्यांसाठी आणि दोरासाठीही हे सुखाचे होते.

अशा एका गंजीत वीस टनांपर्यंत गवत मावे. वर मांडलेल्या पाचशे गायींच्या कळपाला पन्नास गंजी लागतील. ऑगस्टअखेर सारे खोरे अशा गंजींनी भरून जाई आणि ‘दहा हजार गंजींचे खोरे’ हे नाव बिग होलला कायमचे चिकटले. हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाड्यांवर गंजीतले गवत लादून ते बर्फावर पसरत. जानेवारी १८८७ मध्ये गोठलेल्या कवचाखाली अडकलेले होते तेच गवत आता कवचाच्या वर, जनावरांच्या तोंडापाशी येत होते.

यंत्राने सर्वच कष्ट हलके केले असे मात्र नाही. गंजीवर उभा राहून पडणारे गवत पसरणारा आणि तुडवणारा माणूस हा या साऱ्या खेळाचा खरा कारागीर होता. गंजीचा मध्यभाग त्याला सतत भरीव आणि घट्ट ठेवावा लागे. कारण रचल्यावर गवत दबते. कडा घट्ट आणि मध्य सैल राहिला तर काही आठवड्यांत माथ्यावर खळगा पडतो, त्यात पाणी साचते आणि गंज आतून कुजते. मध्य घट्ट असेल तर कडाच अधिक खचतात, माथा घुमटाकार होतो आणि पाणी बाहेर ओघळते. रचताना दिसणारा आकार आणि सहा महिन्यांनी उरणारा आकार यांतला फरक त्याला आधीच डोळ्यांपुढे आणावा लागे. यंत्र मिनिटा-दीड मिनिटाला अर्धा टन गवत त्याच्यापुढे टाकत असे. पूर्वी काट्याने येणारे गवत त्याच्या वेगाने येई, आता त्याला यंत्राच्या वेगाने राबावे लागे. खाली दोर ओढणारी घोड्यांची जोडी पुष्कळदा घरातले मूल किंवा एखादी स्त्री हाकत असे. पुढे काही पावले, मागे काही पावले, दिवसभर. शेतीच्या जमाखर्चात त्यांच्या मजुरीचा रकाना नसे.

धूळ हा आणखी एक हिशेबाबाहेरचा खर्च. बुरशी लागलेले गवत हिवाळ्यात उकरताना उडणाऱ्या धुळीने छातीत दडपण, ताप आणि दम लागणे, अशी दुखणी शेतकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या होती. १९३२ मध्ये इंग्लंडच्या वेस्टमोरलंड भागातील रुग्णांवरून डॉ. कॅम्बेल यांनी त्यांचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केले. पुढे ‘फार्मर्स लंग’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या विकाराचे मूळ १९६० च्या दशकात जॅक पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. ओल्या गंजीत वाढणाऱ्या त्याच उष्णताप्रिय ॲक्टिनोमायसीटांचे सूक्ष्म बीजाणू फुप्फुसांत जाऊन तीव्र प्रतिक्रिया घडवतात. गंज पेटवणाऱ्या आगीचा पहिला टप्पा आणि माणसाच्या छातीतली ही जळजळ यांचे कर्ते एकाच कुळातले निघाले.

१९१० हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षणीय आहे. बीव्हरस्लाइडला पेटंट मिळाले त्याच वर्षी नेब्रास्कातील उमो लुबेन याला गवताचे गोल गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. म्हणजे सुट्या गवताची गंज रचण्याची कला आपल्या शिखराकडे जात असतानाच ती संपवणारी कल्पना कागदावर आली होती. पण कल्पना आणि तिचा काळ यांत अंतर असते. गवताची ओळ शेतातूनच उचलून, दाबून, स्वतः गाठ मारणारे यंत्र पेनसिल्व्हेनियातील एडविन नोल्ट याने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात यशस्वी केले. १९४० पासून न्यू हॉलंड कंपनीने ते बाजारात आणले. लुबेनच्या गोल गठ्ठ्याला ॲलिस-चामर्स कंपनीने १९४७ मध्ये पुन्हा जीव दिला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी आयोवातील गॅरी व्हर्मीर यांच्या यंत्राने एका माणसाला ट्रॅक्टरवरून न उतरता टनाच्या घरातले गठ्ठे बांधणे शक्य केले. गोल गठ्ठ्यावर पाऊस बऱ्याच अंशी ओघळून जातो. गंजीवरच्या त्या कारागिराचे ज्ञान यंत्राच्या पट्ट्यांनी आपल्या परीने आत्मसात केले होते. तो कारागीर आणि त्याच्याबरोबर दर उन्हाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या मजुरांच्या टोळ्या मात्र शेतांवरून नाहीशा झाल्या.

भारतात कापणी आणि रचणी या दोन कड्यांमधली हीच कोंडी जवळजवळ शंभर वर्षांनी, दुसऱ्या पिकाच्या निमित्ताने उभी राहिली. येथे वैरण रचण्याच्या रीती पुष्कळ आणि जुन्या आहेत. महाराष्ट्रात कडब्याच्या गंजी, पंजाबात भुशाचे शंकूच्या आकाराचे कूप, कुमाऊंच्या डोंगरउतारांवर झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवलेले गवत. साऱ्या हातांनी रचलेल्या. पंजाब-हरियाणात कम्बाइन हार्वेस्टर आला आणि भाताची कापणी एकदम वेगवान झाली. पण त्याने शेतात विखरून टाकलेला पेंढा गोळा करणारी कडी जुनीच राहिली. भूजल वाचवण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये भाताची लावणी पुढे ढकलणारा कायदा केला, त्याने भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांतले अंतर आणखी आखडले. हाती उरले जेमतेम तीन आठवडे. एकट्या पंजाबात वर्षाला अंदाजे दोन कोटी टन पेंढा निघतो. तीन आठवड्यांत तो उचलण्याचे साधन नसले की काडेपेटी हे सर्वांत स्वस्त यंत्र ठरते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उपग्रहांच्या नकाशांवर लाल ठिपके उमटू लागतात. २०१८ पासून केंद्र सरकारने पीक-अवशेषांच्या व्यवस्थापनासाठी यंत्रांना अनुदान सुरू केले. आज तेथे दाताळी पेंढ्याच्या ओळी करतात, बेलर गठ्ठे बांधतात, ट्रॅक्टरचे यांत्रिक हात ते रचतात. वीज आणि जैवइंधनाच्या प्रकल्पांच्या आवारांत या गठ्ठ्यांच्या मोठमोठ्या थप्प्या उभ्या असतात. पेंढा आत येताना त्यातील ओलावा मोजावा लागतो. अधिक ओल्या पेंढ्याचा भाव कापला जातो, आणि थप्प्यांमध्ये आगीच्या बंबाला जाण्यापुरती मोकळी वाट सोडलेली असते.

बिग होल खोऱ्यात आता बहुतेक शेतांवर गोल गठ्ठेच दिसतात. तरी काही पशुपालकांनी बीव्हरस्लाइड सोडलेली नाही. सुट्या गवताला दोरी नको, प्लास्टिक नको, महागडे यंत्र नको. आणि कोरड्या थंडीत नीट रचलेली गंज दोन-तीन वर्षेही टिकते. घोड्यांच्या जागी जुना ट्रॅक्टर किंवा ट्रक तारदोर ओढतो. डिअर लॉज गावाजवळ, १८८७ चा हिवाळा पाहिलेल्या कॉनराड कोर्सच्या रँचवर अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने अशी एक घसरगुंडी जतन केली आहे.